तेलक्षेत्रातील जलदुष्टी : पर्यावरणीय जोखमीचे मूल्यमापन आणि आपली औषधी द्रव्ये

प्रस्तावना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील 'जनपदोद्ध्वंसनीय' हा तिसरा अध्याय सर्व वैद्यवर्गास परिचित आहे. पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ, गंगातीरावरील वनप्रदेशात ग्रीष्माच्या अखेरच्या दिवसांत फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय आपला शिष्य अग्निवेश यास एक सूचना करतात. निसर्गाची लक्षणे बिघडू लागली आहेत. भूमी लवकरच औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल. तरी भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात, असा त्या सूचनेचा आशय आहे. जनपदोद्ध्वंसाच्या कारणांची चर्चा यानंतर येते. औषधींची चिंता तिच्या आधी येते, ही गोष्ट वाचताना सहसा आपल्या लक्षात राहत नाही. पदवी अभ्यासक्रमात आपण वायू, उदक, देश व काल ही चार नावे मुखोद्गत करतो आणि पुढील अध्यायाकडे वळतो.

रोग्याला बिघडवणारे पाणी आणि औषधीला वाढवणारे पाणी हे अनेकदा एकच असते, हा त्या सूचनेतील मर्माचा भाग आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हा विचार एका आधुनिक जलदुष्टीस, म्हणजे खनिज तेलाच्या विहिरींभोवती होणाऱ्या जलप्रदूषणास लावून पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरण म्हणून आसामचे वरचे खोरे घेतले आहे. भारतातील तेलउद्योगाचा आरंभ तेथेच झाला. डिगबोई येथे १८८९ साली तेल लागले व १९०१ साली तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे १९५३ साली नाहरकटिया, १९५६ साली मोरान व १९६० साली रुद्रसागर ही क्षेत्रे सापडली. याच प्रदेशात ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या पाण्यावर जगणारी असंख्य तळी आहेत. आसामी भाषेत त्यांना 'बील' म्हणतात. ही तळी पाणवनस्पतींनी समृद्ध आहेत.

महाराष्ट्राच्या भूमीवर तेलविहिरी नाहीत, मग आम्हास याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कोठारातील गोणीवर आहे. नागरमोथा, वेखंड, ब्राह्मी, मंडूकपर्णी, कमळकंद यांच्या गोणीवर व्यापाऱ्याचे नाव असते, वजन असते, क्वचित प्रतही लिहिलेली असते. परंतु ज्या पाण्यात ते द्रव्य वाढले त्या पाण्याचे नाव सहसा नसते.

तेलाबरोबर वर येणारे पाणी

तेलविहिरीतून केवळ तेल येत नाही. खडकाच्या थरांत तेलाबरोबर लक्षावधी वर्षे अडकून पडलेले पाणीही त्याबरोबर वर येते. यास उत्पादित जल असे म्हणता येईल. विहीर जितकी जुनी तितके हे पाणी अधिक. जगभरच्या सरासरीने तेलाच्या एका पिंपामागे सुमारे तीन पिंपे पाणी वर येते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. हे पाणी बहुधा अतिशय खारे असते. त्यात विरघळलेली हायड्रोकार्बने, फिनॉले, सेंद्रिय आम्ले, बेरियमसारखी मूलद्रव्ये, जड धातू आणि काही ठिकाणी रेडियमसारखी नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्येही असतात.

याखेरीज खोदकामाच्या वेळी वापरला जाणारा चिखल असतो. त्यात बेंटोनाइट ही माती व वजनासाठी बॅराइट हे खनिज मिसळतात, आणि बॅराइटमध्ये पारा व कॅडमियम यांचे अंश असू शकतात. हा चिखल साठवण्याचे खड्डे, तेल वाहून नेणाऱ्या नळवाहिन्या, गॅस जाळण्याच्या जागा आणि क्वचित प्रसंगी विहिरीचा स्फोट, हे जलदुष्टीचे निरनिराळे उगम होत. म्हणून 'तेल सांडले' एवढ्या दोन शब्दांत हा विषय संपत नाही. तेल डोळ्यांना दिसते. उत्पादित जलातील क्षार व फिनॉल दिसत नाहीत.

दूषकांचे चार वर्ग

वैद्यास द्रव्याचे गुण समजले म्हणजे कर्म समजते. त्याच दृष्टीने या दूषकांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन व झायलीन यांचा. चौघांच्या आद्याक्षरांवरून त्यास 'बीटेक्स' म्हणतात. ही द्रव्ये लघु व आशुकारी आहेत असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल. ती पाण्यात विरघळतात, उघड्या पाण्यातून लवकर उडून जातात. परंतु भूजलात शिरली तर उडून जाण्यास वाट नसल्याने दीर्घकाळ टिकतात. बेंझीन हे मनुष्यात कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लीटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे.

दुसरा वर्ग पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचा, ज्यांचा उल्लेख पुढे 'पीएएच' असा केला आहे. यांतील जड रेणूंची द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती गाळाला चिकटून तळाशी बसतात आणि तेथे वर्षानुवर्षे राहतात. स्नेहात मात्र ती सहज विरघळतात. यांतील बेंझोपायरीन हेही सिद्ध कर्करोगकारक आहे.

तिसरा वर्ग शिसे, कॅडमियम, पारा, निकेल इत्यादी धातूंचा. सूक्ष्मजंतू तेलाचे विघटन करू शकतात. धातूंचे विघटन कोणीच करू शकत नाही. ते फक्त पाण्यातून गाळात, गाळातून मुळात व मुळातून पुढे जागा बदलतात.

चौथा वर्ग क्षारांचा. गोड्या पाण्यातील जीवांना अतिरिक्त क्षार हेच विषासमान होत. शिवाय पाण्यावर पसरलेला तेलाचा पातळ थर हवेतील प्राणवायूस पाण्यात उतरू देत नाही, आणि माशांना विषबाधा होण्यापूर्वीच श्वासावरोध होतो.

शास्त्रातील जलपरीक्षा आणि तिची मर्यादा

दुष्ट उदकाची लक्षणे चरकाचार्यांनी त्याच अध्यायात दिली आहेत. गंध, वर्ण, रस व स्पर्श अत्यंत विकृत होणे, क्लेद वाढणे, जलाशय क्षीण होणे, आणि जलचर पक्ष्यांनी ते पाणी सोडून जाणे ही त्यांतील मुख्य होत. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात विषदूषित पाण्याचे वर्णन करताना पाण्यावरील रेषा व फेस, तसेच मासे व बेडूक यांचा मृत्यू यांचा निर्देश केला आहे. केवळ पाण्याची चव व वास न पाहता त्यात राहणाऱ्या प्राण्यांकडेही पाहावे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. आजचे पर्यावरणशास्त्र ज्यांना जैव निर्देशक म्हणते, त्यांचीच ही जात आहे.

तथापि या परीक्षेस मर्यादा आहे, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. पक्षी निघून गेले म्हणजे पाणी बिघडले हे खरे. परंतु पक्षी परत आले म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे मात्र नव्हे. तळाच्या गाळातील पीएएच व धातू गंध-वर्ण-रसाने कळत नाहीत. जलशोधनाचीही तीच गोष्ट. निवळीचे बीज पाण्यातील गढूळपणा खाली बसवते. विरघळलेले बेंझीन वा क्षार त्याने निघत नाहीत. पाणी उकळल्यास बेंझीन वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत जाते आणि मागे राहिलेल्या पाण्यात क्षार व धातू अधिक घन होतात. सुश्रुतोक्त वृक्षभस्माचा प्रयोग जिज्ञासूंनी प्रयोगशाळेत अवश्य अभ्यासावा. परंतु तेलदूषित पाण्यावर त्याची कसोटी लागेपर्यंत कोणा रोग्यास त्यावर विसंबण्यास सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धोका आणि जोखीम

मूल्यमापनाकडे वळण्यापूर्वी दोन शब्दांतील भेद पाहू. कुलूपबंद कपाटातील वत्सनाभ हा धोका आहे. तो अशोधित स्थितीत, अयोग्य मात्रेत, कोणाच्या तरी पोटात जाण्याची शक्यता ही जोखीम होय. द्रव्य विषारी असणे पुरेसे नाही. त्यास उगम हवा, वाट हवी आणि पोहोचण्यास आश्रय हवा. निदानस्थानात आपण हेतू, संप्राप्ती व अधिष्ठान यांचा जो विचार करतो त्याच्याशी हा विचार जुळतो. यांपैकी एक दुवा तुटला की जोखीम कमी होते. म्हणून जोखमीचे मूल्यमापन म्हणजे मुख्यतः या तीन दुव्यांचा शोध होय.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ साली पर्यावरणीय जोखीम मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत तीन टप्पे सांगितले आहेत : समस्येची मांडणी, विश्लेषण आणि जोखमीचे स्वरूपनिर्धारण. व्यवहारात त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो.

१. कोणास जपायचे ते ठरवणे. तळ्यातील मासे, पाणपक्षी, पाणवनस्पती, त्या पाण्यावर जगणारे कोळी व शेतकरी यांपैकी कोणाची जोखीम मोजायची, हे आधी निश्चित करावे लागते. औषधी वनस्पतींचा या यादीत बहुधा समावेशच नसतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

२. तुलनेसाठी अदूषित जागा निवडणे. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील भूजलात अनेक ठिकाणी निसर्गतःच आर्सेनिक व लोह अधिक आहे. डिगबोईच्या परिसरात विहीर खोदण्यापूर्वीही जमिनीतून तेल पाझरत होते. ही नैसर्गिक पातळी माहीत नसेल तर प्रत्येक दोष तेलविहिरीच्या माथी मारला जाईल, किंवा उलट, प्रत्येक दोष नैसर्गिक म्हणून माफ केला जाईल.

३. पाणी, गाळ व जीव या तिहींचे नमुने घेणे. केवळ वाहत्या पाण्याचा नमुना दोन दिवसांपूर्वीचे काही सांगत नाही. गाळ अनेक वर्षांचा हिशोब ठेवतो. गाळाचे रासायनिक पृथक्करण, त्या गाळाची जिवंत प्राण्यांवर विषचाचणी, आणि तेथील तळजीवांची प्रत्यक्ष गणना, अशा तीन पुराव्यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत मान्यता पावली आहे. तिघांचे मत जुळले तर निष्कर्ष दृढ होतो.

४. काल लक्षात घेणे. वर्षा ऋतूत बील नदीशी जोडले जाते व दूषके दूरवर पसरतात. शीत ऋतूत ते तुटते व उरलेल्या पाण्यात दूषके घन होतात. एकाच ऋतूतील नमुना अर्धसत्य सांगतो.

जोखमीचे गणित

यानंतर आकडेमोड येते. तीही अवघड नाही. शेवाळ, पाणपिसू व मासे यांवरील चाचण्यांत जे सर्वांत कमी घातक प्रमाण आढळते त्यास सुरक्षा गुणकाने भागतात. केवळ तीव्र विषबाधेच्या चाचण्या उपलब्ध असतील तर हा गुणक १००० धरतात. येणारी संख्या ही निरुपद्रवी मर्यादा होय. प्रत्यक्ष पाण्यातील प्रमाणास या मर्यादेने भागले की जोखीम गुणोत्तर मिळते. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ : सर्वांत कमी घातक प्रमाण लीटरला ५ मिलिग्रॅम असेल तर मर्यादा ०.००५ मिलिग्रॅम ठरेल. तळ्यात ०.०२ मिलिग्रॅम आढळल्यास गुणोत्तर ४ येईल. गुणोत्तर १ पेक्षा अधिक असेल तर चिंतेचे कारण आहे असे समजून पुढील सखोल तपास करतात.

गाळातील धातूंसाठी स्वीडनचे लार्स हाकानसन यांनी १९८० साली मांडलेला निर्देशांक आजही वापरला जातो. त्यात प्रत्येक धातूस त्याच्या विषशक्तीनुसार भार दिलेला आहे : पाऱ्यास ४०, कॅडमियमला ३०, आर्सेनिकला १०, शिसे व तांबे यांस प्रत्येकी ५, क्रोमियमला २ आणि जस्ताला १. गाळातील प्रमाण नैसर्गिक पातळीच्या किती पट आहे, त्या पटीस हा भार गुणायचा. शिसे नैसर्गिकाच्या तिप्पट असेल तर गुणाकार १५ येतो, जो ४० च्या आत असल्याने अल्प जोखीम दर्शवतो. कॅडमियमही तिप्पटच असेल, पण त्याचा गुणाकार ९० येतो आणि जोखीम लक्षणीय ठरते. सर्व धातूंची बेरीज १५० पेक्षा कमी असल्यास एकूण जोखीम अल्प आणि ६०० पेक्षा अधिक असल्यास अतितीव्र मानतात. मात्रा समान असूनही वीर्यभेदाने कर्म बदलते, हे वैद्यास निराळे सांगावयास नको.

मानकांचे आकडे वाचतानाही सावधगिरी हवी. तेलउद्योगाने भूपृष्ठावर सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व स्निग्धांश लीटरला १० मिलिग्रॅम आणि फिनॉले १.२ मिलिग्रॅम यांच्या आत असावीत, असे पर्यावरण संरक्षण नियमांतील मानक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, फिनॉलची स्वीकार्य मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम आहे. दोहोंत १२०० पटींचे अंतर आहे. सांडपाणी मोठ्या प्रवाहात मिसळून विरळ होईल, या गृहीतकावर हे अंतर उभे आहे. प्रवाह मोठा असेल तर ते गृहीतक टिकते. साचलेल्या तळ्यात टिकत नाही. तेव्हा 'सांडपाणी मानकानुसार आहे' या वाक्याने तळ्याची जोखीम संपत नाही.

बागजानचा धडा

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथील ऑइल इंडिया कंपनीच्या पाच क्रमांकाच्या विहिरीत २७ मे २०२० रोजी स्फोट होऊन नैसर्गिक वायू व तेलद्रव अनिर्बंध बाहेर पडू लागले. ९ जून रोजी विहिरीस आग लागली व त्यात दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. हजारो ग्रामस्थांना घरे सोडून छावण्यांत राहावे लागले. ही विहीर अखेर १५ नोव्हेंबर २०२० रोजी बंद करता आली. म्हणजे साडेपाच महिन्यांहून अधिक काळ हा प्रकार चालला होता.

विहिरीच्या एका अंगास दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि जवळच मागुरी-मोतापुंग हे विस्तीर्ण बील आहे. सुरुवातीच्या दिवसांतच बीलाच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागला. मृत मासे, पक्षी आणि एक नदीतील डॉल्फिन आढळला. भारतीय वन्यजीव संस्थेने केलेल्या पाहणीत पाण्यात पीएएच आढळल्याचे नोंदवले गेले. राष्ट्रीय हरित लवादाने न्यायमूर्ती बी. पी. काटके यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व जून २०२० मध्ये कंपनीस २५ कोटी रुपये जमा करण्याचा आदेश दिला.

वर सांगितलेले तीन दुवे येथे लावून पाहावेत. उगम विहीर. वाट दुहेरी : हवेतून तुषाररूपाने गवतावर व पाण्यावर, आणि पुढे पावसाच्या पाण्याबरोबर बील व दिब्रू नदीत. आश्रय तर अनेक : मासे, पाणपक्षी, गुरे, मासेमारीवर जगणारी कुटुंबे, आणि तळ्याकाठची भाजी. मंडूकपर्णीस आसामात 'मानिमुनी' म्हणतात व ती घरोघरी भाजी म्हणून खाल्ली जाते. आपण जे द्रव्य चूर्ण व घृत यांतून मोजून देतो, ते तेथे ताटात येते. स्फोट वर्षा ऋतूच्या तोंडावर झाला, म्हणजे काल हा चौथा घटकही प्रतिकूल होता.

वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश व देशापेक्षा काल हा उत्तरोत्तर टाळण्यास कठीण असतो, असे चरकाचार्य सांगतात. तेलक्षेत्रात हा क्रम अक्षरशः प्रत्ययास येतो. बीटेक्स हवेत उडून जातात, पाणी पुराबरोबर बदलते, पण गाळ व माती, म्हणजे देश, दूषित झाला की पिढी खर्ची पडते. आफ्रिकेतील नायजेरियाच्या ओगोनीलँड भागात १९९३ साली तेलउत्पादन थांबले. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०११ साली, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेथील एका वस्तीच्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन जागतिक आरोग्य संघटनेच्या मूल्याच्या ९०० पटींहून अधिक आढळले, तर काही ठिकाणी दूषण जमिनीत पाच मीटरहून खोल गेले होते. पूर्ववत स्थितीस २५ ते ३० वर्षे लागतील, असा अंदाज त्या अहवालात दिला आहे.

पाणवनस्पतीचा गुण हाच दोष

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दूषित पाणी व गाळ यांतून धातू शोषून घेण्याच्या कामी काही वनस्पती निष्णात असतात. त्यांच्या साहाय्याने जलशुद्धी करण्याचे शास्त्र गेल्या काही दशकांत विकसित झाले आहे. जलब्राह्मी ही कॅडमियम, शिसे, क्रोमियम इत्यादी धातू शोषणारी वनस्पती म्हणून अभ्यासली गेली आहे. वाळाही याच कामासाठी अनेक देशांत लावला जातो. ज्या गुणामुळे ती वनस्पती तळ्याची उत्तम सफाई करते, त्याच गुणामुळे त्या तळ्यातील ती वनस्पती औषध म्हणून अग्राह्य ठरते. सर्वसाधारणपणे धातूंचा संचय पानांपेक्षा मुळांत अधिक होतो. नागरमोथा, वेखंड, वाळा व कमळकंद यांचे आपण नेमके भूमिगत भागच घेतो.

पुढे कल्पनांचा विचार करावा. जलीय घनसत्त्व करताना पाण्यात उतरलेले धातू पाण्याबरोबर उडत नाहीत. ते घन होतात. स्नेहकल्पात निराळी भीती आहे. पीएएच स्नेहात विरघळणारे असल्याने दूषित द्रव्यातून ते तेलात वा घृतात उतरण्याची शक्यता राहते. बालकांस व वृद्धांस दीर्घकाळ दिले जाणारे ब्राह्मीघृत या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे.

मर्यादेच्या आत असलेले द्रव्यही मात्रेच्या संदर्भात पाहावे लागते. वनस्पतिज द्रव्यांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा आपल्याकडे मान्य आहेत. बरोबर मर्यादेवर असलेले चूर्ण दिवसाला ६ ग्रॅम दिल्यास रोग्याच्या पोटात ६० मायक्रोग्रॅम शिसे जाते. शिशाची रक्तातील कोणतीही पातळी निश्चितपणे सुरक्षित मानली जात नाही, हे लक्षात घेता मर्यादा म्हणजे परवाना नव्हे.

२००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल तेथील वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानंतर आपल्या शासनाने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून धातूंची तपासणी अनिवार्य केली. त्या वेळच्या आपल्या चर्चेचा भर रसौषधींच्या शोधन-मारणावर राहिला. तो योग्यच होता. परंतु वनस्पती ज्या भूमीतून व पाण्यातून येते त्या भूमीचा विचार त्या मानाने मागे पडला, असे आम्हास वाटते.

फार्मसीचालकांसाठी

१. पाणवनस्पती व पाणथळ जागेतील कंदमुळे खरेदी करताना गाव, जलाशय व काढणीचा महिना यांची लेखी नोंद मागावी. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संकलनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मूळ स्थानाच्या नोंदीस महत्त्व आहे. एका खरेदीदाराने मागितल्यास व्यापारी दुर्लक्ष करील. दहा जणांनी मागितल्यास नोंद ठेवू लागेल.

२. स्थान कळल्यावर नकाशा पाहावा. प्रवाहाच्या वरच्या अंगास तेलविहिरी, नळवाहिनी, कारखाना वा शहराचे सांडपाणी आहे काय, हे पाहण्यास अर्धा तास पुरतो.

३. चार धातूंच्या तपासणीबरोबर संशयित मालाची पीएएच चाचणी करून घ्यावी. आपल्या नेहमीच्या तपासणीपत्रकात ती सहसा नसते. युरोपीय संघाने २०१६ पासून सुक्या औषधी वनस्पतींसाठी बेंझोपायरीन किलोला १० मायक्रोग्रॅम व चार प्रमुख पीएएच मिळून ५० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा लागू केली आहे. मात्र निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. धुरावर वाळवलेल्या मालातही पीएएच आढळतात. तेलातून आलेले व ज्वलनातून आलेले पीएएच त्यांच्या परस्पर प्रमाणांवरून निराळे ओळखता येतात. म्हणून माल कसा वाळवला याचीही नोंद ठेवावी.

४. दूषित आढळलेला माल चांगल्या मालात मिसळून मर्यादेत बसवू नये. प्रयोगशाळा अशा मिश्रणास उत्तीर्ण करील. शास्त्र करणार नाही. परत पाठवलेला माल दुसऱ्या दारी जातो, म्हणून परत पाठवताना कारण लेखी द्यावे व संघटनेस कळवावे.

५. सागरी द्रव्ये घेणाऱ्यांनीही दक्ष असावे. मुंबई हाय येथे १९७४ साली तेल लागले व तेव्हापासून आपला किनारा तेलक्षेत्राचा शेजारी आहे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास येणारे डांबरगोळे सर्वांनी पाहिले आहेत. शिंपले पाणी गाळून अन्न घेतात व मासे जितक्या त्वरेने पीएएच शरीराबाहेर टाकतात तितक्या त्वरेने शिंपले टाकू शकत नाहीत. तेव्हा शुक्ती कोठल्या किनाऱ्याची, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे.

वैद्यांसाठी

तेलक्षेत्रात राहिलेला वा काम केलेला रोगी समोर आल्यास प्रश्नपरीक्षेत पाण्याचा उगम, वास, तवंग व राहण्याचा काळ यांची नोंद घ्यावी. आसाम, गुजरात वा आखाती देशांत नोकरी करून परतलेली मराठी माणसे आपल्या दवाखान्यात येतच असतात. बेंझीन अस्थिमज्जेस बाधते. अशा रोग्यातील पांडुत्व केवळ लोहकल्पांनी झाकू नये. रक्तपेशींची संपूर्ण गणना करावी व श्वेतपेशी किंवा रक्तबिंबिका घटलेल्या आढळल्यास विनाविलंब रक्तरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. अल्पवीर्य होऊन दीर्घकाळ देहात राहणारे व देश, काल, अन्न यांच्या योगाने प्रकुपित होणारे दूषीविष ही सुश्रुतोक्त कल्पना अशा रोग्यांच्या विचारास उपयोगी आहे. परंतु कल्पना जुळते म्हणून दूषीविषाची चिकित्सा बेंझीनचा परिणाम नाहीसा करील, असे आश्वासन देण्यास आज आधार नाही. निदानपरिवर्जन, म्हणजे दूषित पाण्यापासून रोग्यास दूर करणे, हीच येथे प्रथम चिकित्सा होय.

समारोप

औषधी संग्रहासाठी प्रशस्त भूमी कोणती हे चरकाचार्यांनी कल्पस्थानात व सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय देऊन सांगितले आहे. त्या काळी वैद्य स्वतः अरण्यात जात असे व भूमी त्याच्या डोळ्यांसमोर असे. आज वैद्य व भूमी यांच्यामध्ये संग्राहक, अडत्या, घाऊक व्यापारी व कारखाना असे चार हात उभे आहेत. भूमिपरीक्षेचे कर्तव्य मात्र त्या चार हातांत कोणाकडेच गेलेले नाही. ते अजूनही आपलेच आहे.

जोखमीचे मूल्यमापन हे प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचे काम आहे हे खरे. पण उगम, वाट आणि आश्रय हे तीन प्रश्न विचारण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या वाचकांनी निदान एक आरंभ करावा : येत्या हंगामात नागरमोथा वा ब्राह्मीची पहिली गोणी दारात येईल तेव्हा दर ठरवण्यापूर्वी ती कोणत्या पाण्यातून आली हे विचारावे, आणि उत्तर मिळाल्याखेरीज ती कोठारात घेऊ नये.